आदिवासींच्या आरोग्यावरच्या संशोधनाचा प्रमुख आदिवासी का नको?

सातपुड्याची_लेक:
मी पावरा आदिवासी, नंदुरबारमधल्या धडगावकडची, एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी आमच्या पाड्यांवरून रक्त घेऊन जाणारे कितीतरी आले पण पुढे त्या रक्ताचं काय केलं हे सांगायला परत कुणी आलं नाही. माझं म्हणणं सरळ आहे, मेडिकल कॉलेज-विद्यापीठात आदिवासींवर जे संशोधन होतं त्याचा प्रमुख आदिवासी असावा, नुसता घरं दाखवायला नि बोली समजावायला सोबत घेतलेला पोरगा नव्हे. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाई लोकांचं रक्त १९९० पासून मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलं, नि अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत तेच स्किझोफ्रेनिया, नात्यातली लग्नं, पूर्वज कुठून आले असल्या अभ्यासांना वापरलं. २००३ मध्ये त्याच जमातीची कार्लेटा टिलूसी तिथे एका पीएचडीच्या सादरीकरणाला बसली होती, तिने परवानगीचं विचारलं तेव्हा हे बाहेर आलं. २०१० मध्ये युनिव्हर्सिटीने ७ लाख डॉलर दिले, उरलेले नमुने परत केले. ती तिथे नसती तर कोण विचारणार होतं?

पीएसएम_वाला:
राग समजतो, निष्कर्ष पटत नाही. मी मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा विषय शिकवतो. गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेऊन नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले, १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दोघंही आदिवासी नाहीत. प्रमुख आदिवासीच हवा म्हणून थांबले असते तर त्या बाळांचं काय? हवासुपाईंची फसवणूक संमतीच्या बाबतीत झाली, त्यावर इलाज म्हणजे संशोधनाला आधी मंजुरी देणारी कडक एथिक्स कमिटी.

सातपुड्याची_लेक:
सर, कमिट्या असून काय झालं ते २००९ ला तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये दिसलं की. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात आयसीएमआर, म्हणजे देशाची वैद्यकीय संशोधन परिषद स्वतः होती, तरी आश्रमशाळेतल्या पोरींच्या कितीतरी संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. पोरींचे मृत्यू लशीमुळे नव्हते असं चौकशीत निघालं, मान्य, पण सहीचं काय? आणि 'सर्च'चं काम गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायांनी केलं, म्हणजे ते उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

पीएसएम_वाला:
नाही, तिथे काम गावाचं होतं पण अभ्यासाची आखणी, आकडेवारी हे शिकलेल्या माणसांचंच होतं. ते कौशल्य जमातीवरून येत नाही.

कोरचीचे_गुरुजी:
मी गोंड, आश्रमशाळेत आयुष्य गेलं. पोरी, तुझी तळमळ खरी आहे पण मला वेगळीच भीती वाटते. महाराष्ट्रात ४५ जमाती, नागपुरात वाढलेला गोंड प्रोफेसर तुझ्या पाड्यावर परकाच ना? त्यात खोटे दाखले काढून आमच्या जागा घेणारे आहेतच, उद्या प्रमुखपदही तेच घेतील. माझ्या मते अधिकार ग्रामसभेला द्या, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ पासून आहे. रक्त कशाला घेताय, कुठे ठेवणार, निकाल कधी सांगणार हे सभेत मांडा आणि ठराव झाल्याशिवाय सुई टोचू नका.

ऑकलंडची_नर्स:
मूळची सांगलीची, इथे नर्सिंग करते. इथल्या युनिव्हर्सिटीत माओरी नि पॅसिफिक मुलांना मेडिकलला घ्यायची वेगळी योजना १९७२ पासून आहे. त्याला विरोध करणारे अजून आहेत, पण पन्नास वर्षांनी आज शिकवणारे, प्रश्न ठरवणारे माओरी डॉक्टर आहेत. गुरुजी, ग्रामसभा हवीच पण ती पेपर लिहिणार नाही ना.

सातपुड्याची_लेक:
गुरुजींचं ठरावाचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य, दोन्ही लागेल. पण सर, कौशल्य शिकता येतं, मी शिकतेच आहे. आमच्याकडे सिकलसेलची वाहक (स्वतः आजारी नाही, पण मुलांत आजार जाऊ शकतो) म्हणून कार्ड मिळालेल्या मुलीला स्थळं नकार देतात, म्हणून काही आया तपासणीलाच पाठवत नाहीत. नकार वाहक मुलगा-मुलगी दोघांनाही मिळतो का, की फक्त मुलीलाच, यावर मला अभ्यास करायचाय. तुमच्या डिपार्टमेंटला हा विषय घेऊन आले तर गाईड व्हाल का, आणि प्रमुख म्हणून नाव माझं राहील का?

पीएसएम_वाला:
गाईड होईन. पीजी नसताना प्रमुख म्हणून नाव टाकणं आमच्या कॉलेजच्या नियमात बसत नाही, आणि तो नियम मला चुकीचा वाटत नाही.

कोरचीचे_गुरुजी:
मग पीजी होईपर्यंत रक्ताचे नमुने कुणाच्या फ्रिजमध्ये राहणार, ते आधी लिहून द्या सर.