कर्करोगाचे उपचार आणि त्यांचा त्रास : आपले अनुभव लिहा

आपल्या भागात गाठ निघाली की नागपूर किंवा सेवाग्राम गाठावे लागते. तिथे ‘आधी ऑपरेशन, मग शेक (म्हणजे किरणोपचार, रेडिएशन)’ असे सांगितले की घरची माणसे मान डोलावून बाहेर येतात. उपचार कसा ठरला, त्रास काय झाला आणि तो कशाने कमी झाला, हे ज्यांनी भोगले किंवा जवळून पाहिले त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. आलेले काही अनुभव असे :

उमरेड तालुका : खर्ऱ्यामुळे (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणामुळे) बाबांना गालाच्या आतून कर्करोग झाला. ‘हा उपचार रोग बरा करण्यासाठी आहे की आटोक्यात ठेवण्यासाठी?’ हे मी आधीच विचारून घेतले, त्यामुळे पुढचे सगळे सोसण्याची तयारी झाली. शेकाआधी किडके दात काढायला लावले, कारण शेक बसलेल्या जबड्यातला दात नंतर काढल्यास जखम भरत नाही आणि हाडही खराब होऊ शकते. पुढे तोंड आतून इतके सोलवटले की वरणाचे पाणीही झोंबू लागले. कोमट पाण्यात मीठ आणि खाण्याचा सोडा टाकून दिवसभर गुळण्या केल्याने आराम पडे. नाकात नळी घातली तेव्हा भेटायला येणारे बाया-माणसे डोळे पुसत, जणू आता काही उरले नाही. पण बाबांचे वजन टिकले ते त्या नळीतून दिलेल्या दुधामुळे आणि गाळलेल्या वरणामुळेच. जबडा आखडू नये म्हणून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरण्याचा व्यायाम ते आजही करतात.

आर्वी : माझी गाठ लहान होती. स्तन पूर्ण काढला की धोका टळला, असे सासूबाईंचे म्हणणे होते. डॉक्टरांनी मात्र समजावले की अशा वेळी फक्त गाठ काढून शेक दिला तरी आयुष्य तेवढेच मिळते, पण शेकासाठी आठवड्यातले पाच दिवस यावे लागते. नागपुरात मावसबहिणीकडे सोय झाली म्हणून मी तो मार्ग धरला; जिची सोय होत नाही तिने दुसरा मार्ग धरला तर तिला कोणी बोल लावू नये. केमोतल्या (कर्करोगावरच्या औषधोपचारातल्या) लाल औषधाने लघवी लाल होते, ते रक्त नसते. ताप मात्र अंगावर काढू नये. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांनी रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात 100.4 अंश फॅरनहाइट दिसताच तापाची गोळी घेऊन न झोपता मध्यरात्री का होईना, गाडी करून रुग्णालयात निघावे.

पुसद : पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने आईचे तळवे इतके बधिर झाले की पऱ्हाटीचा (कपाशीचा) खुंट रुतला तरी तिला कळले नाही, चप्पल रक्ताने भिजल्यावरच दिसले. डॉक्टरांना सांगताच त्यांनी मात्रा कमी केली. आता ती बंद बूट घालूनच वावरात जाते आणि रात्री मी तिचे तळवे बॅटरीच्या उजेडात तपासतो.

वरोरा : उपचारासाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपरमध्ये पूर्ण आणि सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते, ते पहिल्याच भेटीत मागून घ्यावे.