मदत हवी आहे: ग्रेटफुल डेडची कॉन्सर्ट उतरवून घेता येत नाहीये

बे_एरियावाला:
इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडची सगळ्यात भारी कॉन्सर्ट ऐकता येतेय, पण डाउनलोडचं बटणच नाही. बाकीच्या कित्येक कॉन्सर्टना आहे! ब्राउझर बदलून झाला, लॉगिन करून झालं. शुक्रवारी गाडीने ओरेगॉनला निघतोय, डोंगरात रेंज नसते. कुणाला जमलं असेल तर लवकर सांगा. "इतकं जुनं काय ऐकता" हे घरी रोज ऐकतो, इथे नको.

टेपवेडा:
सगळ्यात भारी म्हणजे कुठली? तारीख टाका की राव. ८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठातली का? आणि टेप कुठली, साउंडबोर्ड की ऑडियन्स?

फिशवाला:
डेड सोडा, फिश बँड ऐका. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला १३ रात्री वाजवलं आणि एकही गाणं परत घेतलं नाही.

बे_एरियावाला:
@फिशवाला, विचारलंय काय, सांगताय काय!
@टेपवेडा, कॉर्नेल नाही हो. २७ ऑगस्ट १९७२, ओरेगॉनमधलं व्हेनेटा. त्याच्या जवळच्या यूजीनलाच चाललोय, म्हणून तर हवीय. सगळ्यात भारी म्हटल्यावर दुसरी कुठली असणार?

टेपवेडा:
कॉर्नेल असते. असो. तुम्ही बघताय ती साउंडबोर्ड प्रत असणार, म्हणजे कॉन्सर्टच्या साउंड मिक्सरमधून थेट घेतलेली. डेडच्या साउंडबोर्ड प्रती २००५ च्या अखेरीपासून तिथे फक्त ऐकता येतात. प्रेक्षकांत माइक उभारून केलेल्या ऑडियन्स टेपा मात्र उतरवून घेता येतात. ब्राउझरचा काही दोष नाही.

खर्जप्रेमी:
कॉर्नेलचं कौतुक आता पुरे. त्या मे महिन्यात ते रोजच तसं वाजवत होते. कॉर्नेल गाजलं ते साउंड इंजिनिअर बेटी कँटरच्या रेकॉर्डिंगमुळे. टेप स्वच्छ म्हणून हातोहात फिरली आणि फिरली म्हणून थोर ठरली.

टेपवेडा:
रोज तसं? कॉर्नेलला 'स्कार्लेट बिगोनियाज' गाण्यामधून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये कधी शिरले ते कळतसुद्धा नाही. बास आधीच तिकडे पोचलेला असतो आणि गिटारवर गार्सिया अजून रेंगाळतोय. हे दुसऱ्या कुठल्या रात्री इतकं जमलंय ते तारखेनिशी सांगा.

खर्जप्रेमी:
व्हेनेटाचा 'डार्क स्टार' ऐका. अर्धा तास! मध्ये सूर-ताल सगळं विस्कटून टाकतात, आता हे कुठे जाणार असं वाटतं, आणि त्यातून चक्क 'एल पासो' निघतं, काउबॉयचं साधंसरळ गाणं. भर उन्हात वाजवलंय, वाद्यं उतरत होती, दोन गाण्यांच्या मध्ये सूर लावत बसलेत. ते असं गुळगुळीत नाहीये म्हणूनच मला आवडतं.

मीना_ओहायो:
साउंडबोर्डवर हॉलची हवाच येत नाही. लोक कुठे ओरडले, कुठे गप्प झाले, हे ऑडियन्स टेपवरच कळतं. डेडने १९८४ पासून टेप करणाऱ्या श्रोत्यांना मिक्सरमागे वेगळी जागा दिली ती काय उगाच?

खर्जप्रेमी:
ताई, शेजारचा माणूस अडीच तास टाळ्या वाजवतोय ही हवा मला नको. साउंडबोर्डही दरवेळी चांगलाच असतो असं नाही म्हणा. १९७४ च्या टेपांत आवाज पातळ येतो, कारण 'वॉल ऑफ साउंड' ही त्यांची स्पीकरांची भिंत गायकांच्या पाठीमागे. तिचा गोंगाट कापायला दोन-दोन माइक उलटसुलट जोडलेले.

तबलजी:
अवांतर: डेडचे ड्रमर मिकी हार्ट अल्लारखांकडे शिकले आणि १९७६ मध्ये झाकीरभाईंबरोबर 'दिगा रिदम बँड' केला. डेडचं 'द इलेव्हन' गाणं ११ मात्रांचं आहे, म्हणजे आपला 'चारताल की सवारी' हा तालच.

खर्जप्रेमी:
११ मात्रा आल्या की सवारी होते का? ते ३-३-३-२ असं चालतं. मोजून बघा.

बे_एरियावाला:
मंडळी, माझा प्रश्न?

मीना_ओहायो:
व्हेनेटा २०१३ मध्ये 'सनशाइन डेड्रीम' नावाने अधिकृत निघालंय, मूळ मल्टीट्रॅक टेपांवरून, म्हणजे ज्यात वाद्यं वेगवेगळी नोंदलेली असतात. विकत घ्या, ॲपमध्ये ऑफलाइन ठेवा, संपलं. फोन कुठला?

बे_एरियावाला:
फोनचा उपयोग नाही. गाडी जुनी आहे, ब्लूटूथ नाही, यूएसबी नाही. फक्त सीडी.

टेपवेडा:
हे आधी सांगायचं ना! मग डाउनलोड करून काय पेटवणार होतात?

बे_एरियावाला:
सीडीच पेटवणार होतो.

स्पीकर_सम्राट:
गाडीत सबवूफर आहे का? डेडच्या लेशचा बास त्याशिवाय ऐकूच नका. सीटखाली बसेल असा मिळतो.

मीना_ओहायो:
'सनशाइन डेड्रीम'चा तीन सीड्यांचा संच आहे. 'डार्क स्टार' तिसऱ्या सीडीवर अख्खा आहे, मध्ये तोडलेला नाही.

बे_एरियावाला:
हे चालेल. पण शुक्रवारच्या आत घरी पोचायची खात्री नाही. इकडे कुठल्या दुकानात कुणी पाहिलाय का?

टेपवेडा:
बर्कलीला टेलिग्राफ ॲव्हेन्यूवर अमीबा हे रेकॉर्डचं दुकान आहे. जाण्याआधी फोन करा. आणि तिथे असाल तर कॉर्नेलही घ्या.