९ एमएमचा मुतखडा, यूआरएस (लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून खडा काढणं) करून घ्यावं का?

भावाला डाव्या बाजूला मुतखडा निघालाय, सीटीत ९ एमएम दाखवतोय, खाली मूत्राशयाच्या तोंडाशी अडकलाय आणि किडनीला थोडी सूज पण आहे. डॉक्टर म्हणतात दुर्बिणीने काढून टाकू, चिरफाड नाही. आई म्हणते कुळथाचं कढण नि पानफुटी चालू ठेव, शेजारच्या काकांचा तसाच पडला. भाऊ तर स्टेंटचं, म्हणजे नंतर आत ठेवतात त्या नळीचं, नाव ऐकूनच गार पडलाय. कोणी केलंय का?

खान्देशी: काकांचा किती एमएमचा होता ते विचारा आधी 😄 ४-५ एमएमचे बरेचसे आपोआपच पडतात, नाव होतं कढणाचं. ९ चा अवघडच, त्यात सूज म्हणजे लघवी वर तुंबतेय. आणि दुखायचं थांबलं म्हणजे पडला असं अजिबात धरू नका, काही खडे गप बसून किडनीची वाट लावतात.

मूळव्याध_नाही_मुतखडा: माझं झालंय. कमरेखाली भूल दिली, लघवीच्या वाटेनेच दुर्बीण आत, लेझरने खडा फोडला, तुकडे बास्केटने ओढून काढले, मला काही कळलं पण नाही. खरी कटकट डीजे स्टेंटची, किडनीपासून मूत्राशयापर्यंत मऊ नळी असते ती, सारखी लागल्यासारखी वाटते, लघवी संपता संपता कमरेत कळ जाते आणि गाडी खड्ड्यात आपटली की लघवी लालसर, मग पाणी ढोसायचं. टॅम्सुलोसिनची गोळी दिली होती तिने बराच आराम पडला. काढायचं काम पाच मिनिटांचं, जेल लावून. फक्त तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या, राहून गेलं तर नळीवरच खडे चढतात. सगळ्यांनाच टाकत नाहीत पण, ते विचारा.

सिस्टर_ताई: लघवीचं कल्चर (जंतू आहेत का ते बघायची तपासणी) झालंय का? थंडी वाजून ताप आला तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. अडकलेल्या खड्यामागे इन्फेक्शन झालं तर आधी नुसता स्टेंट टाकून निचरा करतात, खडा नंतर. पैशाचं टेन्शन असेल तर महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा.

मूळ प्रश्नकर्ता: कल्चर दिलंय, ताप नाही. आईने दूध नि टोमॅटो दोन्ही बंद केलंय त्याचं 😅

सिस्टर_ताई: दूध चालू करा! जेवणात कॅल्शियम कमी पडलं की ऑक्झलेट (ज्याचे बरेचसे खडे बनतात ते) उलट जास्त शोषलं जातं. लोणचं-पापड कमी करा, आणि काढलेला तुकडा तपासायला पाठवा म्हणावं, कसला खडा ते कळल्यावर पथ्य ठरवा.