हरिकेनग्रस्तांना ‘पैसे पाठवा आणि घरी बसा’? मला मान्य नाही

मेघवेडी (धागाकर्ती)

परवा इथंच एक पोस्ट वाचली आणि ती डोक्यातून जाईना. मथितार्थ असा: हरिकेननंतर (म्हणजे चक्रीवादळानंतर) लोक जुने कपडे, ब्लँकेटं, खेळणी गोळा करून पाठवतात ती मदत नव्हे, घरातली अडगळ काढणं आहे, हौशी स्वयंसेवक म्हणजे यंत्रणेच्या गळ्यातलं लोढणं, तेव्हा एखाद्या मोठ्या संस्थेला पैसे पाठवा आणि आपापल्या घरी बसा. खाली ‘अगदी पटलं’ म्हणणाऱ्यांची रांग. प्रतिसाद लिहायला घेतला तो इतका लांबला की वेगळा धागाच काढतेय.

कपड्यांबद्दल माझा वाद नाही. ‘घरी बसा’बद्दल आहे.

हार्वी हरिकेनमध्ये, ऑगस्ट २०१७ मध्ये, अमेरिकेत ह्यूस्टनला आमच्या घरात पाणी शिरलं. टीव्हीवर दिसतात त्या बोटी, हेलिकॉप्टरं, छपरावर अडकलेली माणसं. पाणी ओसरलं की कॅमेरे निघून जातात आणि काम तेव्हा सुरू होतं. ओल्या ड्रायवॉलला (इथल्या भिंतींना लावतात त्या जिप्समच्या शीटला) एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. नुकसान तपासायला येणारा विम्याचा माणूस, अ‍ॅडजस्टर, कधी उगवेल याचा भरवसा नाही. त्याची वाट बघत बसलात तर घर हातचं जातं, आणि पुरावा न ठेवता सगळं उचकटून फेकलंत तर क्लेम जातो.

आमच्या दारात एक अनोळखी आजी येऊन उभ्या राहिल्या. २००५ मध्ये कतरिनानंतर न्यू ऑर्लिन्स सोडून ह्यूस्टनला आलेल्या हजारोंपैकी त्या एक. त्यांनी आधी कुणालाच भिंतीला हात लावू दिला नाही. पाण्याच्या रेषेला मोजपट्टी टेकवून फोटो काढायला लावले. वॉशिंग मशीन, ड्रायरच्या मागचे सीरियल नंबर टिपायला लावले, गालिच्याचा हातभर तुकडा कापून पिशवीत ठेवायला लावला. फ्रिज उघडायचा नाही, टेप गुंडाळून आहे तसा बाहेर ढकलायचा. मग भिंत चार फुटांवर कापली. पाणी दोनच फूट चढलं होतं, पण भिंतीतलं इन्सुलेशन ओल वर ओढतं. शिवाय ड्रायवॉलची शीट चार फूट रुंद असते, आडवी लावली की नवी बरोब्बर बसते. कुणाच्या तरी चर्चमधली पोरं दिवसभर घमेली वाहत होती. आमचा त्या चर्चशी काडीचा संबंध नाही.

पैशानं माणसं आणता येतात म्हणाल, तर ह्यूस्टनच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, दीड लाखाहून जास्त घरांत पाणी शिरलं होतं. सगळ्यांना कंत्राटदार एकाच आठवड्यात हवा होता. हे लोक घरी बसले असते तर आमची भिंत कुणी कापली असती?

रोखठोक

ती पोस्ट माझी, त्यामुळे उत्तर देणं आलं.

ताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो गाडीनं पोचता येतं अशा श्रीमंत शहरातला आहे. १९९८ मध्ये मिचनंतर होंडुरासमध्ये काय झालं? दान आलेल्या कपड्यांचे ढीग धावपट्टीवर असे पडले होते की मदतीचं विमान उतरवता येईना. अमेरिकन सरकारच्या आपत्ती-मदत विभागात काम केलेल्यांनीच हे सांगितलंय. एवढ्या उष्ण देशात त्या ढिगांत हिवाळी कोट होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

वस्तूंचं सरकारलाही जमत नाही. मारिया हरिकेननंतर वर्षभरानं, सप्टेंबर २०१८ मध्ये, पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर सेइबाच्या जुन्या धावपट्टीवर बाटलीबंद पाण्याच्या खोक्यांची रांगच्या रांग पडलेली सापडली. पैसे दिले असते तर लोकांनी जवळच्या दुकानातून हवं ते घेतलं असतं, आणि ते दुकानही उभं राहिलं असतं. दुकान, गॅरेज, न्हावी सुरू झाले की गाव सुरू होतं. बाहेरून फुकट मालाचे ट्रक आले तर त्याच दुकानदाराच्या पोटावर पाय येतो.

स्वयंसेवकांचं म्हणाल, तर येणाऱ्याला झोपायला जागा, गाडीला पेट्रोल, प्यायला पाणी लागतं. तिथं टंचाई याचीच असते.

काजळमाया

दोघांनीही वीज विसरली. मारियात आधी सरकारी आकडा ६४ मृत्यूंचा होता. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर २,९७५ हा अधिकृत अंदाज धरला गेला. बहुतेक माणसं वादळाच्या दिवशी गेलेली नाहीत. डायलिसिस थांबलं, ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं, इन्सुलिन थंड ठेवता येईना, रस्ता तुटल्यानं डॉक्टर मिळेना, अशी पुढच्या महिन्यांत गेली. शेवटच्या घरापर्यंत वीज पोचायला जवळजवळ वर्ष लागलं. अशा ठिकाणी ना तुमचा चेक पुरतो ना तुमची घमेली. मी नर्स आहे म्हणून सांगते, पहिल्या आठवड्यात वस्तीतल्या कुणीतरी दारोदार जाऊन ‘तुमच्याकडे कुठलं यंत्र विजेवर चालतं’ एवढी यादी केली तरी जीव वाचतात. आणि जनरेटर घरात, गॅरेजमध्ये लावू नका! बाहेर, खिडक्यांपासून वीस फुटांवर. दर वादळानंतर कार्बन मोनॉक्साइडनं माणसं मरतात.

सरळरेषा

मूळ प्रश्न कुणी विचारतच नाहीये. जिथं दर काही वर्षांनी पाणी येतं तिथं पुन्हा तेच घर का बांधायचं? अमेरिकेच्या केंद्र सरकारची पूरविमा योजना १९६८ पासून आहे. ती इतकी कर्जात बुडाली की २०१७ मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, १६ अब्ज डॉलर माफ करावे लागले. ते कुणाच्या खिशातून गेले? मी उंचावर राहतो, माझ्या करातून. १९९२ च्या अँड्र्यूनंतर फ्लोरिडानं बांधकामाचे नियम कडक केले, २००२ पासून राज्यभर एक कोड लागू केला. याला म्हणतात सावरणं. मेघवेडी, घर घेताना पूररेषा बघितली होती का? विमा होता का?

मेघवेडी

बघितली होती. आमचं घर शंभर वर्षांच्या पूररेषेबाहेर (दर वर्षी पुराची शक्यता शंभरात एकाहून कमी धरतात त्या भागात) होतं, म्हणून बँकेनं पूरविमा मागितला नाही. तरीही आम्ही घेतला होता, म्हणून आज इथं बसून लिहू शकते. शेजाऱ्यांनी घेतला नव्हता आणि मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. त्या काउंटीत बुडालेल्या घरांपैकी साधारण दोन तृतीयांश घरं त्या रेषेबाहेरची होती. ज्या नकाशाच्या भरवशावर बँक, बिल्डर आणि काउंटी तिघंही चालले, त्याची शिक्षा एकट्या घरमालकाला?

अ‍ॅडिक्स आणि बार्कर ही ह्यूस्टनची धरणं १९४० च्या दशकातली. पाणी तुंबलं की कुठवर चढू शकतं हे माहीत असताना त्याच जागेत वसाहतींना परवानगी मिळाली. घेणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना आपण तलावाच्या पोटात राहतोय याचा पत्ता नव्हता. २०१९ मध्ये फेडरल क्लेम्स कोर्टानं हार्वीत बुडालेल्या, धरणांच्या वरच्या बाजूच्या घरांसाठी सरकारला जबाबदार धरलं. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं हो.

सरळरेषा

शेळ्या-बिळ्या राहू द्या. नकाशा चुकीचा होता हे मान्य, बिल्डरला परवानगी देणाऱ्यांना धरा, हेही मान्य. पण म्हणून त्याच जागी, त्याच उंचीवर पुन्हा बांधायला पैसे द्यायचे? निम्म्याहून जास्त नुकसान झालं तर घर आताच्या नियमांप्रमाणे उचलून बांधा, हा नियम आहेच. तुमच्यासारखे भावनिक लोक त्यातूनही सूट मागतात.

ओहोटी

‘भावनिक’ कुणाला म्हणताय? माझ्या मोठ्या दिरांचं घर मिसिसिपी राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावर होतं, कतरिनात गेलं. त्यांच्याकडे दोन्ही विमे होते. घराच्या विम्यात पूर नसतो, म्हणून वाऱ्यावाले म्हणाले हे नुकसान पाण्याचं. पुरावाले म्हणाले छप्पर आधी वाऱ्यानं उडालं. चौथऱ्याखेरीज काही उरलेलं नसताना आधी काय गेलं हे सिद्ध कुणी करायचं? हप्ते वर्षानुवर्षं वेळच्या वेळी भरलेले. दादा त्या फायली घेऊन इतके फिरले की त्यांची तब्येत गेली, आणि शेवटी मिळालं त्यात चौथरासुद्धा झाला नसता. ‘विमा होता का’ हा प्रश्न मला पुन्हा विचारू नका.

सरळरेषा

तुमच्या दिरांबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण यावरून तिथं घर नसावं हेच सिद्ध होतं.

ओहोटी

कसलं डोंबलाचं सिद्ध होतं! त्यांचा कोळंबीचा धंदा तिथं. समुद्र सोडून कुठं करणार?

जुनाट

जागा सोडण्याबद्दल मला बोलू द्या. सँडी (ऑक्टोबर २०१२) नंतर मी न्यूयॉर्कमध्ये स्टेटन आयलंडवर ओकवुड बीचच्या बैठकांना जायचो. तिथल्या रहिवाशांनी स्वतःहून, गल्लीच्या गल्ली एकत्र येऊन राज्याकडे मागणी केली की आमची घरं घ्या, ही जमीन पाण्याला परत द्या. राज्यानं वादळापूर्वीच्या किमतीनं घेतली. सरळरेषा म्हणतात ते होऊ शकतं, पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात: निर्णय त्या लोकांचा हवा आणि पैसे दुसरीकडे घर घेता येईल इतके हवेत.

आता लुइझियानाचा ‘रोड होम’ कार्यक्रम बघा. कतरिनानंतर घर बांधायला मदत कशी मोजली? घराची वादळापूर्वीची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यातलं जे कमी ते. कृष्णवर्णीय वस्त्यांत तसंच घर, तेवढंच मोठं, पण बाजारात किंमत कमी. म्हणजे सिमेंट-लाकूड त्याच भावानं घ्यायचं आणि मदत कमी. लोक कोर्टात गेले, २०११ मध्ये तडजोड झाली. तोवर सहा वर्षं. सहा वर्षं कोण थांबतं? शाळा बंद पडते, शेजार पांगतो.

सरळरेषा

ओकवुड बीचसारखं करणार असाल तर माझा कर खुशाल घ्या. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय.

मेघवेडी

पहिल्यापासून तुम्ही ‘माझ्या खिशातून’ म्हणत होतात. असो. आता सोडायला तयार असलेल्यांना किंमत द्या म्हणताय, तेवढं मला पुरे आहे. कोळंबीवाल्यांचं काय, ते बाकीच आहे.

काजळमाया

मूळ विषयावर येता का? पोर्तो रिकोत फेमाकडे (अमेरिकन सरकारच्या आपत्ती-मदत संस्थेकडे) अर्ज केलेल्या हजारोंना घर तुमचं असल्याचा कागद दाखवा म्हणून नाकारलं. आजोबांनी बांधलेलं, पुढच्या पिढ्या राहिलेल्या, नावावर कुणी केलंच नाही अशी घरं तिथं सर्रास आहेत. २०२१ मध्ये फेमानं नियम बदलून स्वतःच्या सहीचं घोषणापत्र चालवून घेतलं. तिथल्या वकिलांनी आणि वस्तीतल्या संघटनांनी हट्ट धरला म्हणून! रोखठोक, तुमचा पैसा अशा वकिलाला गेला तर मी त्याला सोन्यासारखी मदत म्हणेन.

रोखठोक

मग तेच तर म्हणतोय, पैसा द्या.

मेघवेडी

पैसा *कुणाला* आणि *कधी*, हे तुमच्या पोस्टीत नव्हतं. ‘मोठी संस्था’ एवढंच होतं. पहिल्या पंधरवड्यात धो धो पैसे येतात, आठ महिन्यांनी माणूस अर्ध्या भिंतीच्या घरात राहत असतो तेव्हा कुणी विचारत नाही. आमच्या गल्लीत ड्रायवॉल काढायला माणसं मिळाली, परत लावायला मिळाली नाहीत. काढायचं काम दोन दिवसांचं, लावायचं काही महिन्यांचं. केंद्राचा घरबांधणीचा मोठा निधी काँग्रेसनं दर वेळी वेगळा मंजूर करावा लागतो, तो हातात पडायला वर्षं जातात. मधला काळ तिथल्याच छोट्या गटांच्या जिवावर निघतो, आणि ते गट दुसऱ्या गावातून आलेल्या हातांवर चालतात.

रोखठोक

ठीक. ‘घरी बसा’च्या जागी ‘तिथल्या कुणी बोलावल्याशिवाय जाऊ नका’ असं लिहितो. याहून जास्त मागे येणार नाही. कपड्यांचं वाक्य जसंच्या तसं राहील, उलट ठळक करतो. आणि तुमच्या आजी कुणी न बोलावता आल्या होत्या हे सांगू नका, त्या शहरातच होत्या.

मेघवेडी

होत्या शहरातच. पण पोस्टीत आणखी एक ओळ घाला. फेमाचं ‘अपात्र’ असं पत्र आलं की निम्मे लोक ते फाडून टाकतात. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की एखादा कागद कमी आहे: विमा कंपनीचं पत्र, ओळखपत्र, सही. पत्रावरच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करता येतं. घरबसल्या मदत करायचीच असेल तर फोनवरून ज्येष्ठांना हे पत्र वाचून दाखवा आणि अपील लिहून द्या. त्याला ना पेट्रोल लागतं ना झोपायला जागा.

रोखठोक

घातली. ६० दिवसांचं वर घेतलंय.

ओहोटी

पूरविम्याच्या नुकसानीच्या शपथपत्रालाही ६० दिवसांची मुदत असते, तीही घाला. ती नुकसान झालं त्या दिवसापासून मोजतात. दादांना हे कुणी सांगितलं नव्हतं.