मदत हवी आहे - नाताळच्या जुन्या कॅसेट आणि फोटो कसे जपायचे?

मंडळी, आमच्या घरातल्या जुन्या नाताळच्या व्हीएचएस (व्हिडिओ) टेप, काही ऑडिओ कॅसेट आणि फोटोंचे अल्बम माझ्याकडे आलेत. एका कॅसेटवर आजी आम्हा सगळ्या नातवंडांना जवळ बसवून गाणी म्हणतेय, मधेच कोणीतरी रडतंय, मागून आजोबांचं खोकणं ऐकू येतं, आणि खरं सांगू, ते खोकणंसुद्धा मला हवंय कारण त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाहीये.

टेपवरचं रेकॉर्डिंग चुंबकीय असतं, वर्षं जातील तसं ते क्षीण होत जातं, आणि व्हीसीआरचं (व्हिडिओ टेप लावायच्या प्लेअरचं) उत्पादन तर २०१६ मध्येच थांबलं, म्हणून घाई वाटतेय. टेपवर कुठे कुठे पांढरी बुरशी दिसते, तशीच प्लेअरमध्ये घातली तर टेप आणि हेड (प्लेअरमधला टेप वाचणारा भाग) दोन्ही खराब होतात असं कळलं म्हणून अजून लावलेली नाही. ही घरी साफ करता येते का, की जाणकाराकडेच द्यावी?

फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये आहेत, पानं पिवळी पडलीत. डेंटल फ्लॉस फोटोखालून हळू सरकवून काढतात म्हणे, कोणी केलंय का? स्कॅनिंग ६०० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके) करायचं ठरवलंय, ४ बाय ६ इंची फोटोला २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, तेवढं पुरे होईल ना?

आणि आत्या अजून आहे तोवर फोटोतल्या माणसांची नावं तिच्याकडून लिहून घ्यायचीत, ती स्कॅन केलेल्या फाइलमध्येच कशी जोडायची तेही सांगा प्लीज.