काळ्याभोर केसांवर बरगंडी रंग धरतच नाही. फोटोशॉपमध्ये नेमकं काय चुकतंय?

उन्हाळी_ढग
पार्लरसाठी ‘रंगवल्यावर कसं दिसेल’ असे नमुना फोटो करायचे आहेत. मूळ फोटो लांब, काळ्याभोर केसांचे आहेत. उजेड खिडकीचा, मागची भिंत फिकट क्रीम. रंग दोन हवेत, बरगंडी आणि कॉपर.

सध्या क्विक सिलेक्शननं केस निवडून त्यावर ह्यू/सॅच्युरेशनचा (रंगछटा आणि रंगाची तीव्रता बदलणारा) लेयर टाकते आणि कलराइझवर (सगळ्याला एकच रंगछटा देणाऱ्या पर्यायावर) टिक करते. सॅच्युरेशन ६० केलं तरी केस काळेच राहतात. लाइटनेस वाढवला की सगळ्या केसांवर राख फासल्यासारखं दिसतं. शिवाय कपाळाच्या कडेला लालसर पट्टा उमटतो, तो वेगळाच. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

लेयरबहाद्दर
रंग नंतर, आधी उजेड. कलराइझ पिक्सेलचा उजळपणा तसाच ठेवतो, फक्त ह्यू आणि सॅच्युरेशन बदलतो. काळ्या केसांचा उजळपणा ८ टक्क्यांच्या आसपास असतो. तिथे सॅच्युरेशन ३० दिलं, तर लाल आणि हिरव्या चॅनेलमध्ये २५५ पैकी जेमतेम १२चा फरक पडतो, तो डोळ्याला कळत नाही. उजळपणा ३० टक्के असेल तर त्याच सॅच्युरेशनला हा फरक ४५च्या पुढे जातो. म्हणून सॅच्युरेशनशी झगडण्यात अर्थ नाही.

लाइटनेसची पट्टी तर अजिबात वापरू नका. ती सगळ्या छटांमध्ये सारखाच पांढरा मिसळते, त्यामुळे बटांमधल्या सावल्याही करड्या होतात. तुम्हाला दिसणारी राख तीच.

त्याऐवजी कर्व्हज लेयर घ्या (यात वक्र ओढून उजळपणा बदलतो; इनपुट म्हणजे मूळ उजळपणा, आउटपुट म्हणजे नवा, दोन्ही ० ते २५५). इनपुट ३० ला आउटपुट ६५, ९० ला १२५, २०० ला २०५ आणि शून्य शून्यावरच. सावली जागेवर राहते, मधला भाग उचलला जातो आणि चकाकी फारशी हलत नाही. त्याच्यावर ह्यू/सॅच्युरेशन, कलराइझ चालू:

बरगंडी: ह्यू ३४५ ते ३५०, सॅच्युरेशन २८ ते ३५
कॉपर: ह्यू १८ ते २२, सॅच्युरेशन ४०च्या आसपास

कॉपरला उजेड जास्त लागतो, तिथे ३० चं आउटपुट ८०पर्यंत न्या. बरगंडीला एवढं उचललंत तर ती गुलाबी दिसू लागते.

दोन्ही लेयर एका ग्रुपमध्ये टाका आणि मास्क (पांढरा भाग दाखवणारा, काळा लपवणारा पडदा) ग्रुपला लावा, म्हणजे दुरुस्ती एकाच जागी करावी लागते. ग्रुपचा मोड मात्र ‘पास थ्रू’च हवा. चुकून ‘नॉर्मल’ झाला तर आतल्या लेयरचा खालच्या फोटोवर काहीच परिणाम होत नाही, आणि माणूस उगाच मास्कमध्ये चूक शोधत बसतो.

कंगवा_आणि_कर्सर
वरच्या आकड्यांशी सहमत. पण एकट्या कलराइझवर थांबलात तर केस प्लास्टिकच्या विगसारखे दिसतात, कारण सावलीपासून चकाकीपर्यंत ह्यू एकच. खऱ्या रंगवलेल्या केसांत तसं नसतं. केसावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग पृष्ठभागावरूनच परततो, त्या झळाळीला प्रकाशाचाच रंग असतो. काही भाग केसाच्या आत शिरून मागच्या बाजूवरून परततो, त्याला केसाचा रंग चढतो, आणि ती दुसरी झळाळी पहिलीपासून जराशी सरकलेली असते. (स्टीव्ह मार्शनर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे गणितात बसवलं, थ्रीडीतले केस बराच काळ त्यावरच चाललेत.) तात्पर्य, सर्वांत उजळ रेघ रंगवायची नसते.

त्यासाठी ह्यू/सॅच्युरेशन लेयरच्या नावाशेजारी डबल क्लिक करून ‘ब्लेंड इफ’ (उजळपणानुसार लेयर लपवणारी पट्टी) उघडा. ‘अंडरलाइंग लेयर’चा पांढरा त्रिकोण ऑल्ट दाबून दोन भागांत फोडा, डावा १८५ वर आणि उजवा २३५ वर. चकाकीवरचा रंग हळूहळू विरतो. ऑल्ट न दाबता नुसता त्रिकोण सरकवला तर कडा कापल्यासारखी दिसते.

छटांचा फरक हवा असेल तर कलराइझऐवजी ग्रेडियंट मॅप (प्रत्येक उजळपणाला वेगळा रंग देणारा लेयर) घ्या, मोड ‘कलर’. बरगंडीसाठी आरजीबी: ० टक्क्यांवर २०, १०, १२; ४५ वर ९५, २५, ४०; ८० वर १७५, ७५, ८०; १०० वर २४५, २१५, २०५. भडक वाटलं तर ओपॅसिटी ७० करा.

धोपटमार्गी
एवढा खटाटोप कशाला? सॉलिड कलरचा लेयर, मोड ‘सॉफ्ट लाइट’, मास्क. दोन मिनिटांचं काम.

लेयरबहाद्दर
तपकिरी किंवा आधीच हायलाइट केलेल्या केसांवर चालतं, आणि छानही दिसतं. पण सॉफ्ट लाइटमध्ये खालचा पिक्सेल काळा असेल तर उत्तरही काळंच येतं. इथे प्रश्न काळ्याभोर केसांचा आहे.

उन्हाळी_ढग
कर्व्हजनं काम झालं, बरगंडी खरंच दिसायला लागली! पण आता दोन नव्या अडचणी. एका फोटोत केस उचलल्यावर बारीक चौकोन आणि रंगीत ठिपके दिसतात; तो फोटो व्हॉट्सॲपवरून आला होता. दुसऱ्या फोटोत अंबाडा आणि गजरा आहे, तिथे गजराही गुलाबी झाला. कपाळाचा पट्टा अजून तसाच.

कंगवा_आणि_कर्सर
चौकोन जेपेगचे. हा प्रकार ८ बाय ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत माहिती दाबतो आणि रंगाचा तपशील बहुधा उजळपणापेक्षा कमी ठेवतो. गडद भागात आधीच माहिती थोडी, त्यात ० ते ३० दरम्यान आपल्या वक्राचा उतार दुपटीहून जास्त. केसाबरोबर नॉईज आणि ठोकळेही तितकेच उचलले जातात. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, म्हणजे ती दाबली जात नाही. रॉ (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न झालेली फाइल) मिळाली तर सोन्याहून पिवळं: कॅमेरा रॉमध्ये एक्स्पोजर दीड स्टॉप वाढवून १६ बिटची दुसरी प्रत काढा आणि ती फक्त केसांच्या मास्कमधून दाखवा. तशी प्रत असली तर कर्व्हज नावापुरताच लागतो. काहीच मिळालं नाही तर कॅमेरा रॉ फिल्टरमध्ये कलर नॉईज रिडक्शन ३० ते ४० ठेवा आणि त्या फोटोवर कॉपरचा हट्ट सोडा.

आता मास्क. क्विक सिलेक्शननंतर ‘सिलेक्ट अँड मास्क’ उघडा, ‘ऑब्जेक्ट अवेअर’ निवडा, ‘रिफाइन हेअर’ दाबा आणि आउटपुट ‘लेयर मास्क’ ठेवा. ‘डिकंटॅमिनेट कलर्स’ बंदच ठेवा. ते पार्श्वभूमी बदलण्यासाठी आहे. इथे भिंत तीच राहणार, आणि ते चालू केलं तर कडेचे मूळ पिक्सेल उगाच बदलतात.

कपाळाचा पट्टा निवडीच्या कडेमुळे येतो. तिथे केस एकदम सुरू होत नाहीत. आधी लव, मग विरळ केस, मग दाट. निवड मात्र एका रेषेवर थांबते. मास्कवर काळ्या मऊ ब्रशनं, फ्लो १५ ते २०, केस ज्या दिशेनं वळलेत त्याच दिशेनं छोटे फटकारे मारा. लवेला रंग नाही लागला तरी चालतो, कातडीला लागला की चोरी पकडली जाते. भांगही विसरू नका: भांगेतली त्वचा आणि कुंकू दोन्ही मास्कमधून पुसा. बाहेर उडालेल्या सुट्या केसांवर मास्क ५० टक्के करडा ठेवा, नाहीतर क्रीम भिंतीवर गुलाबी धूर दिसतो.

गजऱ्याच्या बाबतीत ‘ब्लेंड इफ’ अर्धंच काम करतं. पाकळ्यांची पांढरी टोकं सुटतात, पण फुलांमधल्या सावल्या आणि हिरवे देठ रंगतात. गजरा लॅसोनं वेगळा निवडा, फेदर १ पिक्सेल, आणि मास्कवर सरळ काळा भरा. फुलांच्या फटीतून दिसणारे केस त्यात काळे राहिले तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

फुकट_ते_पौष्टिक
गिंपवाल्यांसाठी (फोटोशॉपसारखंच, पण फुकट सॉफ्टवेअर). २.१० मध्ये ॲडजस्टमेंट लेयर नाहीत, म्हणून लेयरची प्रत काढून तिच्यावर कर्व्हज आणि मग कलराइझ चालवा. इथे ह्यू ० ते १ मध्ये असतो: बरगंडी ०.९७, कॉपर ०.०५. २०२५ मध्ये आलेल्या ३.० पासून हे फिल्टर नंतरही बदलता येतात.

निवडीसाठी ‘फोरग्राउंड सिलेक्ट’, इंजिन ‘मॅटिंग लेव्हिन’. मोठ्या फोटोवर ते रेंगाळतं, थांबावं लागतं. चकाकी वाचवायची असेल तर रंगाच्या लेयरला मास्क देताना ‘ग्रेस्केल कॉपी ऑफ लेयर’ निवडून ‘इन्व्हर्ट मास्क’वर टिक करा. केसांचा मास्क मग त्या लेयरच्या ग्रुपला द्या.

उन्हाळी_ढग
गजरा आणि भांग दोन्ही जमलं, आभार. शेवटचं विचारते: मेंदीनं नारिंगी झालेले पांढरे केस गडद तपकिरी दाखवायचे असतील तर हेच सगळं उलटं करायचं का?

लेयरबहाद्दर
उलटं, पण पूर्ण नाही. ह्यू/सॅच्युरेशनमध्ये ‘रेड्स’ किंवा ‘यलोज’ निवडून मास्कशिवाय काम भागेल असं वाटतं, पण मेंदीचा ह्यू आणि आपल्या त्वचेचा ह्यू शेजारीशेजारी असतात. चेहरा राखाडी पडेल. म्हणून मास्क हवाच. त्यात आधी सॅच्युरेशन उणे ४५, मग सॉलिड कलर आरजीबी ४५, ३२, २६, मोड ‘मल्टिप्लाय’, ओपॅसिटी ७५ ते ८०.

मुळांशी वाढलेला पांढरा भाग नारिंगी भागापेक्षा उजळ असतो, त्यामुळे एकाच मल्टिप्लायखाली तो करड्या पट्ट्यासारखा उठून दिसतो. त्यासाठी वेगळा कर्व्हज लेयर घेऊन १८० ला १२०वर आणा आणि मास्क फक्त मुळांपुरता रंगवा. शुद्ध काळा रंग टाळा. कानशिलांपाशी मास्क ६० टक्क्यांवर ठेवून थोडे पांढरे केस राहू द्या, विशेषतः गिऱ्हाईक पन्नाशीच्या पुढचं असेल तर.