इंजिनाआधी पत्रा बघा

रत्नागिरीतली २०१२ची स्विफ्ट डिझेल, दोन लाख किमी झालेली, घेऊ का म्हणताय, तर रनिंगला एवढं घाबरू नका हो, ते इंजिन टायमिंग चेनवालं आहे, म्हणजे आत रबरी पट्ट्याऐवजी धातूची साखळी, ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर अजून पळेल. आपल्याकडे खरी वाट लावतो तो खारा वारा. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात ती लाल मातीने बुजली की आत पाणी साचून पत्रा आतून सडतो आणि बाहेरून पेंट एकदम चकाचक! मॅट उचला, कार्पेटखाली हात घाला, ओल लागते का बघा. गाडीच्या तळाला ताजं काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर गंज लपवलाय का असा मला तरी संशय येतो, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा, भदभद वाजलं तर सरळ सोडा, सस्पेन्शन बुश (चाकांच्या जोडणीतले रबरी तुकडे) वगैरे काय, नंतरही बदलता येतात. आणि २०२७ला १५ वर्षं होतायत, आरसी (गाडीची नोंदणी) रिन्यूअलचा खर्च भावातून कापून घ्या.